इतर

मुख्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, माझी खुर्ची.
कंत्राटी. अकरा महिने, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने.
समोर नाशिकचा नकाशा, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके.
लाल म्हणजे तक्रार, हिरवा म्हणजे मिटली.
माझं काम एवढंच, की संध्याकाळपर्यंत
नकाशा द्राक्षबागेसारखा दिसला पाहिजे.

मार्गशीर्षात एक फोटो आला. काळा.
त्यात काहीच नाही, नुसता चौकोन.
पेठ रोड, पाटाकडची वस्ती, महिला शौचालय,
पहाटे चार वाजून सहा मिनिटं.
प्रकार: दुर्गंधी नाही, चोकअप नाही,
'पाणी नाही' हेही नाही.
इतर.
नाव लंकाबाई गांगुर्डे.

मी 'छायाचित्र अस्पष्ट' दाबलं. तक्रार बंद.
दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा. चार वाजून नऊ.
अस्पष्ट.
तिसऱ्या दिवशी. चौथ्या.
शेजारचा फैजान म्हणाला, म्हातारीचा फोन कमरेला दबत असेल,
आमच्या नानीचा असाच कुणालाही लागतो.
आम्ही हसलो. चहा आला.

सातव्या फोटोचा ब्राइटनेस मी वाढवत नेला,
पार शेवटपर्यंत,
तेव्हा काळ्यात एक जरा कमी काळी रेघ निघाली.
दाराची फट असावी.
लोक म्हणतात डोक्यात उजेड पडतो.
माझ्या डोक्यात अंधार पडला.
बाई त्याचाच फोटो पाठवत होती.

फोन लावला.
मागे पिकअपचं इंजिन, बायकांचा कालवा.
'आत्ता कळलं व्हय,' ती म्हणाली.
'दिंडोरीला थिनिंगला जातो आम्ही, पाचला गाडी येती.
बल्ब दिवाळीच्या आधी गेला. कडी कधी नव्हतीच.
एका हातानं दार धरायचं, एका हातानं साडी,
मोबाईल दातात, बॅटरी लावून.
आन बॅटरीत फोटो काढला, तर तुम्ही म्हणणार, उजेड हाये की!
म्हणून इझवून काढला.
तेवढा वेळ जावेनं दार धरलं.'

वायरमन गेला दुपारी दीडला.
भर उन्हातल्या बल्बचा फोटो आला,
पेटलाय की नाही, देव जाणे.
सिस्टीमनं आपणहून हिरवा केला.
पहाटे चार वाजून चार मिनिटं: काळा.

मी लाल केला.
साहेबांचा फोन. अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे सत्त्याण्णव कुणी केले?
सर, फोटो बघा.
काहीच दिसत नाहीये.
हो सर, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

तिथं झाडायला असतो देवजी मारू.
तो दोन महिने मुकादमाला सांगत होता म्हणे,
वायर उंदरानं खाल्लीय, बल्ब बदलून उपयोग नाही.
पण तोंडी.
तोंडी सांगायला ॲपमध्ये रकाना नाही.

शनिवारी वायर बदलली.
रविवारी पहाटे पाटाकडून चार तक्रारी, चारही फोटो लख्ख.
तिसऱ्या भांड्यात विटेचा तुकडा.
टाकीला तडा, त्यात कोंबलेलं फडकं.
खचलेली फरशी.
दार, आणि कडीच्या जागी दोन भोकं.
भिंत पिवळी आहे हे मला तेव्हा समजलं.

फैजान म्हणाला, घे, अजून लाव दिवे.
मी चारही लाल ठेवले, एकेक माणूस नेमला,
वेळ टाकली, पहाटे चारची,
दुपारचा फोटो चालणार नाही असं खाली लिहिलं.

मग पाचवा आला.
लंकाबाई गांगुर्डे. इतर.
चौकोनभर पांढरं, एवढं की डोळे बारीक करावे लागले,
मधोमध बल्ब.

ही तक्रार नव्हती.
पण ॲपमधून दुसरं काही पाठवायची सोय नाही,
आणि मिटली म्हणायला मुळात काही बिघडलेलं नाही.

त्यामुळे ती अजून लाल आहे.