फुलदाणीतली वाळू

हूमाच्या दफनभूमीत पहिल्यांदा शिरले
तेव्हा माझ्या हातात फुलं नव्हती,
रबरी फुग्याची पिचकारी होती,
टर्की भाजताना तिच्यावर रस सोडतात, तसली.
दर थडग्यापाशी एक फुलदाणी,
फुलदाणीत चार बोटं पाणी,
पाण्यात खाली डोकं वर शेपूट
वळवळणारे
माझ्या पोटापाण्याचे धनी.

ओडील व्हेरे नवऱ्याच्या दगडावरचं शेवाळ घासत होती.
‘त्याच्या फुलांत काय शोधतेस गं?’
मी कुपी उन्हात धरली.
तिनं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. म्हणाली,
‘जन्मभर त्याच्याभोवती
कुणी ना कुणी घोंगावतच असायचं.’

माझे वडील वाशीमकडे फवारणी कामगार.
पाठीवर पंप, खिशात गेरूचा खडा.
घर फवारलं की भिंतीवर तारीख घालायचे,
आणि बायका ओरडायच्या, भिंत घाण केलीत म्हणून.
शेवटच्या फोनवर त्यांनी विचारलं,
अमेरिकेतही डास असतात?
असतात, बाबा.
मग तिथं भिंतीवर कोण लिहितं?

दर मंगळवारी मी डावा हात
जाळीच्या पिंजऱ्यात घालते.
चावतात त्या माद्या. नर बिचारे साखरपाण्यावर.
अठ्ठावीस वर्षं झाली,
आता खाजसुद्धा सुटत नाही.
मुलगी शाळेत सांगून आली होती,
आमची आई डासांना पाजते.

काउन्सिलच्या बैठकीत
टाय सैल केलेला एक गृहस्थ विचारतो,
यंदा वेस्ट नाईलचे रुग्ण किती?
तीन.
तिघांसाठी एवढा खर्च?
मी कागद चाळते.
त्यात चौथ्याचं नाव नसतं,
तो त्या वेळी कुठेतरी बायूकाठी
खेकडे उकडत असतो,
उघड्या पायांनी,
आणि त्याला माझं नावही ठाऊक नसतं.
असू नये. तेच तर काम.

पुढच्या रविवारी ओडीलनं फुलदाणीत वाळू भरली,
मग बहिणीच्या, मग चर्चमधल्या सगळ्यांच्या.
ओलसर वाळूत फुलं चार दिवस टिकतात,
असं ती मलाच शिकवायची.

आता तीही तिथेच, नवऱ्याच्या डाव्या हाताला.
मी कॉफीच्या डब्यातून वाळू नेली,
झेंडूचा दांडा खोचला. वाऱ्यानं तो कलला.
पुन्हा खोचला.
उठताना सहज शेजारी नजर गेली,
कुणा रोबिशोंच्या फुलदाणीत
दोन बोटं पाणी.
गुडघे कुरकुरले.
पिचकारी गाडीत होती.