पाठराखण

ती बर्फात पळते, उडी घेते, मरते,
पुन्हा त्याच देवदाराखाली उभी राहते.
तिचा चेहरा मी चार महिने घडवला.
तो कुणी बघत नाही.
खेळणारा कायम तिच्या मागे असतो,
सहा पावलं मागे, जरासा उंचावर.
म्हणजे ती बहुतेक पाठच आहे.

त्या पाठीवर काहीतरी हवं होतं.
"उत्तरेकडचं," निर्माता म्हणाला, "जुनं, रानातलं, पण खपेल असं."
संग्रहालयाच्या सूचीतून मी एक आइनू अंगरखा उचलला,
झाडाच्या सालीच्या धाग्यांचा.
नक्षी कापली, ताणली,
उजवा अर्धा ठेवला, डावीकडे त्याचाच आरसा लावला.
मेमरी वाचली.
एक बाही खांद्यापासून उडवली,
धनुष्य ओढताना दंड दिसावा म्हणून.

मग कुणीतरी म्हणालं, एकदा खऱ्या माणसाला दाखवून ये.

निबुतानीत फेब्रुवारी. सारू नदी काठाकाठाने गोठलेली.
हिसानो-साननी चष्मा पुसला,
टॅबलेटवरची मुलगी बोटाने गरकन फिरवली,
तांदूळ निवडताना बघतात तसं बघितलं.
"हिला थंडी वाजतेय."
आणि थोड्या वेळाने,
"हे हिच्यासाठी शिवलं कुणी?"

माझ्याकडे तिची दोन पानी कहाणी होती:
गाव जळालं, बाप गेला, सूड बाकी.
शिवणारं कुणी त्यात नव्हतं.

त्यांनी पेटीतून आईच्या हातचा अंगरखा काढला.
गळ्याशी, मनगटाशी, खालच्या घेराला,
जिथे जिथे कापड संपतं आणि माणूस उघडा पडतो
तिथे तिथे काटे.
धाग्याचे, टोकदार, जागे.
"वाईट शिरतं ते फटीतून, आई म्हणायची.
आणि पाठीवर काटे अशासाठी
की तिथे आपला डोळा पोचत नाही.
तू काटे तेवढे उचललेस, पोरी,
आणि राखायची जागाच कापून टाकलीस."

पाठीवर डावीकडे एकच काटा निळा होता. बाकी सगळे काळे.
"धागा संपला होता," त्या म्हणाल्या. "युद्धानंतरचं वर्ष."

"आणि खेळणारा कुठे असतो?"
"मागे."
"नेहमी?"
"नेहमी."
त्या हसल्या, खोकला येईपर्यंत.
"मग शिरायचं ते आधीच शिरलंय की."

निघताना मी त्यांना साप्पोरो स्टेशनावरचा बिस्किटांचा डबा दिला.
ऑफिसच्या हिशेबात तो असा आहे:
संशोधन, बाराशे येन.

बाही परत जोडता आली नाही.
विकायच्या बाहुल्यांचे साचे केव्हाच पाडून झाले होते,
आणि मीटिंगमध्ये मी एकदाच बोलले, तेही हळू.
पण पाठ मी पुन्हा केली. रात्री, सगळे गेल्यावर,
आरसा न लावता,
डावा काटा वेगळा, उजवा वेगळा,
एकेक करून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर
(स्क्रीनमुळे, दुसरं काही नाही),
आणि एक निळा.

तपासणाऱ्यांनी नोंद केली:
दोष क्रमांक चार हजार चारशे सतरा, रंग चुकला आहे.
मी खाली लिहिलं: चुकलेला नाही.
आणि नोंद बंद केली.

आता घराघरांत, रात्र रात्र,
माणसं तिच्या मागे उभी असतात
डोळ्यांत तेल घालून.
लांडगे आले की तिच्याआधी तीच दचकतात.
याला पाठराखण म्हणायचं
की नुसतं पाठीमागे लागणं,
मला अजून ठरवता येत नाही.

शेवटी नावं सरकतात.
हिसानो-सानचं "विशेष आभार"मध्ये, अडीच सेकंद.

त्यांच्याकडे यंत्र नाही, नातवाकडे आहे.
परवा पोस्टकार्ड आलं, पेन्सिलीने लिहिलेलं.
निळा दिसला, म्हणतात.
खाली, पत्त्याला खेटून, आणखी एक ओळ:
तिचा दंड अजून उघडाच आहे.