बट्टा

तंबाखूच्या डब्यातले अकरा डॉलर
ती काउंटरवर ओतणार, एवढ्यात मी हात आडवा धरतो.
असे नाही, बाई. एकेक. आणि कडेने धरून.
बोटाचा घाम चांदी लवकर विसरत नाही.

एल्को, नेवाडा. नोव्हेंबरची सकाळ,
रस्त्यावरच्या ट्रकांच्या टपावर मिठासारखा बर्फ.
ग्रासियाना ओसाबाल, वय एक्याऐंशी.
बाप बेनात: बास्क मेंढपाळ,
डोंगरात दोन हजार मेंढ्या, एक कुत्रा
आणि पगार बंद्या डॉलरमध्येच हवा.
नोट उंदीर खातात, म्हणायचा. शिवाय ती वाजत नाही.

मी भिंग डोळ्याला लावतो.
आधी साल. मग पाठ.
गरुडाच्या शेपटीखाली तिळाएवढं अक्षर असतं,
कुठल्या टांकसाळीत जन्म झाला ते सांगणारं.
'एस' असेल तर सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' असेल तर न्यू ऑर्लिन्स,
काहीच नसेल तर बहुधा फिलाडेल्फिया.
दोन 'सी' शेजारी बसलेले दिसले
की कार्सन सिटी,
आणि मग मी श्वास जरा हळू घेतो.

त्यानंतर कानावरचे केस.
नाण्यावरची बाई तिथून झिजू लागते,
गरुड छातीवरून.
जे खिशाखिशातून हिंडलं
त्याच्या पक्ष्याला पिसं उरत नाहीत.

आठ तशीच. वजनाचा भाव.
नववं टुणकन चुंबकाला चिकटलं.
'मुसच्या डावात जिंकलेलं,' ती म्हणाली, 'मेहुण्याकडून.'
आम्ही दोघांनी त्या मेहुण्याला
मनातल्या मनात एकेक शिवी दिली.

दहावं: अठराशे एकोणनव्वद. दोन 'सी'.
माझा श्वास हळू झाला,
पण दिव्याखाली तिरकं धरलं आणि कळलं.
आरशासारखं लख्ख, आणि मेलेलं.
'दर ईस्टरला आई घासायची,' ती म्हणाली, 'खायच्या सोड्याने.
वेदीसमोर ठेवायचं म्हणून.'
आता हिला कसं सांगू
की तो काळपट थर मळ नव्हता,
जुन्या हवेने चांदीवर केलेली सही होती ती,
आणि आईच्या अंगठ्याने ती पुसून
किंमत अर्ध्यावर आणली.
सांगितलं. सांगणं हाच माझा धंदा.
तिने नाणं उलटं केलं, सुलटं केलं.
'स्वच्छतेमुळे बट्टा लागतो होय,' म्हणाली.
'हे आईला आवडलं नसतं.'

अकरावं तिने डब्यात ठेवलं नव्हतंच.
हातमोज्यात होतं, तळहाताशी.
एकोणीसशे एकवीस. त्या साली ढिगांनी पाडले.
आणि कडेच्या कंगोऱ्यांवर चाकूच्या खाचा,
मी मोजल्या: सव्वीस.
'हिवाळे,' ती म्हणाली. 'तंबूत दुसरा कागद नव्हता त्याला.
ही खोल खाच माझी.
मी जन्मले आणि घाटात बर्फ भरलं,
तीन आठवड्यांनी खाली आला, तोवर बारसंही उरकलेलं.'

मी घसा साफ केला.
बाई, हे... नुकसान झालेलं नाणं. साधं साल.
वितळवायला घेतील. संग्राहक हात लावणार नाही.

ती चक्क हसली.
'लिहून द्या. सही करून. शिक्का असेल तर तोही.
दोन मुलगे आहेत, एक रीनोत, एक बॉइसीत.
दोघांनाही वाटतंय, म्हातारी जे मुठीत धरून झोपते
त्यातच घबाड आहे.'

लिहिलं: साल सामान्य. कड खराब. संग्रहमूल्य शून्य.
पंचेचाळीस वर्षांच्या दुकानदारीत
शून्याचा कागद इतका जपून घडी घालणारं
गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

बाकीच्यांचे पैसे तिने दोनदा मोजून घेतले.
दारातून वळून विचारलं,
'मेहुण्याच्या त्या खोट्याचं काय?'
काही नाही. फुकट.
'मग ठेवा तुम्हाला.'

ठेवलंय. गल्ल्याशेजारी असतं.
कॉफी कुणी आणायची, यावर मी आणि पोऱ्या
त्याच्यावरच छापा-काटा करतो.