कफ एकच

वॉर्ड बारामध्ये बीपीचा कफ एकच.
दुसऱ्याची रबरी नळी चिरलीय,
इंडेंट पाठवून तीन आठवडे झाले.

रात्री दोन दहा. ट्रॉलीवर
मंजुळा टपके, वय बावन्न, ससून डॉक.
कोळंबी सोलताना नखाखाली काटा गेला
मंगळवारी. आज शुक्रवार.
डावा हात कोपरापर्यंत वांग्याच्या रंगाचा,
अंग तव्यासारखं, बोटांची टोकं मात्र
बर्फाच्या लादीवरून आत्ताच उचललेली.
ती कुणाशी तरी घासाघीस करत होती,
टोपलीमागे पाच रुपये वाढवून मागत होती.
समोर मीच होते.

कुरेशी डॉक्टरांनी तिचं नख दाबलं,
सोडलं, ओठांत मोजत राहिले.
रंग परतायला सहा.
"वजन किती?"
वजनकाटा ओपीडीत, ओपीडीला कुलूप.
सून म्हणाली, "भरली टोपली आणि वर थोडी."
आम्ही अठ्ठेचाळीस धरलं, गुणिले तीस.
तीन पिशव्यांना जरा कमी.
आणि ठिबकत नाही, म्हणाले. ओतायचं.

शिरा सगळ्या आत पळालेल्या.
उजव्या कोपराच्या खळगीत एक राहिली होती,
तिथे हिरवा बसवला.
रक्त कल्चरला, अँटिबायोटिक, मग रिंगर.
चाक पूर्ण उघडलं
तरी थेंब, थेंब, थेंब,
जणू आडनाव वाचूनच पडत होते.

तेव्हा मी पिशवीला कफ गुंडाळला.
बल्ब दाबत गेले, काटा तीनशेपर्यंत.
चेंबरमधला थेंब तुटेनासा झाला,
त्याचा दोरा झाला, मग धार.

आता हिचा बीपी कशाने घ्यायचा?
मनगटात नाडी लागेना.
मानेत होती, उंदरासारखी पळणारी.
दोन बोटं तिथेच ठेवून उभी राहिले.

"सिस्टर, एवढं जोरात? आईला सोसेल?"
"तुमच्याकडे वरच्या मजल्यावर नळाला
प्रेशर नसतं तेव्हा काय करता?"
"मोटर लावतो."
"ही मोटर. पाणी आटलं नाही गं,
आतले पाईप सैल पडलेत."
तिला पटलं की नाही कळलं नाही.
ती पदराने सासूचे पाय पुसत राहिली,
कोरडेच होते.

दुसरी पिशवी.
डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं,
पाठीच्या तळाशी स्टेथोस्कोप लावला.
जास्त झालं तर छातीत उतरतं.
मागच्या महिन्यात नऊ नंबरला
आम्ही ऐकलं नव्हतं.
ते दोघांपैकी कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा बोलत होता, तोही बंद केला.
"स्वच्छ आहे. लाव तिसरी."

तिसरी अर्धी झाली तसा त्यांनी हात वर केला.
ऐकलं. पुन्हा ऐकलं.
"इथे थांबू."
एकशेनव्वद एमएल उरलं होतं, हिशेबाने द्यायचं.
हिशेब तसाच सोडला.

पिशवीवरचा कफ सोडवला,
अजून तिचा गोल धरून बसलेला,
आणि तिच्या दंडाला बांधला.
अठ्ठ्याऐंशी, छप्पन्न.
मंजुळाबाईंनी डोळे उघडले नाहीत,
पण दर सांगणं थांबलं होतं.
हे चांगलं की वाईट, मी विचारलं नाही.

चारच्या सुमारास युरोबॅगच्या नळीत
पिवळं काही हललं.
वाकून, टॉर्च लावून पाहिलं आम्ही तिघांनी,
सुनेनेसुद्धा.
तीस एमएल.
चार्टवर लिहिताना अक्षर जरा मोठंच आलं.

इतक्यात चौदा नंबरवरून आयाबाई ओरडल्या,
"सिस्टर, कफ कुठाय?"