फुली

बाबा कुंद्याच्या दुकानासमोर थांबायचे
तेव्हा आम्हाला वाटायचं, साखर वाढली तरी
जीभ काही सुटत नाही यांची.
काचेतल्या ताटांकडे बघत उभे,
दोन मिनिटं, तीन मिनिटं,
मग काहीच न घेता पुढं.
पुढं चपलांचं दुकान. तिथंही.
मग एखादी सबंध कन्नड पाटी
वाचत असल्यासारखे,
ज्यांना कन्नडमधले फक्त
बसवरचे आकडे लागतात.

पोटरी आवळून यायची, हे त्यांनी
कुणाला म्हणून सांगितलं नाही.

भरमाणी बिर्जे, व्हॉल्वमन.
एकतीस वर्षं बेळगावात पाणी सोडलं.
पहाटे तीनला, खांद्यावर लोखंडी चावी, कानावर विडी.
झाकण सरकवून चेंबरवर वाकायचे,
मान तिरकी, डोळे मिटलेले,
आणि सांगायचे, आलं राकसकोपचं.
हिडकलचं असलं तर म्हणे आवाज जाड.
मी बॅटरी धरायची. मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे.
चढावरच्या शेवटच्या घरांतल्या बायका
रिकाम्या घागरी आपटत विचारायच्या,
"पाणी येऊलालंय की न्हाई, मामा?"
"प्रेशर न्हाई. थांबा जरा. येतंय."

दोन वर्षं त्यांच्या डाव्या पायाची करंगळी
हेच विचारत होती.

डॉक्टरीणबाई कन्नडमधून विचारायच्या, नर्स मराठी करून द्यायची.
किती लांब चालता येतं?
बाबांनी रेल्वेची गेटं मोजली.
गणपतीत तिसऱ्या गेटापर्यंत जायचो.
दिवाळीला दुसऱ्या.
मग पहिलं.
आता संडास.
नर्सला हे कन्नडमध्ये सांगावं लागलं नाही.

पावलावर थंड जेली लावून
पेनासारखं यंत्र फिरवलं.
उजव्यात शूं, शूं, घाईत असल्यासारखं.
डाव्यात खरखर, स्टेशन न लागलेल्या रेडिओची.
बाबा उठून बसले. तीच मान, तोच कान.
"लाइन चोक आहे. मांडीत कुठंतरी. वरून बघत या."
फिल्मवर तसंच निघालं,
गुडघ्याच्या चार बोटं वर.

जांघेतून तार गेली. फुगा फुगला. जाळीची नळी बसली.
बाबा जागे होते, पडद्यावर बघत होते
काळी शाई कशी खाली उतरते,
गुडघा, नडगी, घोटा.
करंगळीपर्यंत पोचली नाही ती.
तोवर करंगळी विझलेल्या विडीसारखी झाली होती.
काढली.
"सहा महिने आधी यायचं होतं," बाई या वेळी मराठीत म्हणाल्या,
मोडक्या मराठीत, म्हणून जास्त लागलं.
बाबा म्हणाले, "थांब जरा, म्हटलं होतं मी तिला."
कुणाला, ते बाईंना कळलं नाही.

विडी बंद. साखरेची गोळी जेवणाआधी, रक्ताची जेवल्यावर.
आणि चालणं : दुखेपर्यंत चाला,
दुखलं की थांबा, राहिलं की परत चाला.
म्हणजे पूर्वीचंच.
फक्त आता कुंद्याकडे बघायचं कारण उरलं नाही.
भर रस्त्यात थांबतात,
कुणी विचारलं तर सांगतात, औषध घेतोय.
परवा दुसऱ्या गेटाला गाडी आली,
फाटक पडलं, सगळं गावच थांबलं,
बाबा इतके खूश कधी दिसले नव्हते.

घरी सोडताना नर्सनं पावलावर
निळ्या पेनानं फुली मारून दिलेली,
इथं ठोका लागतो, रोज बघा.
ती पुसू नये म्हणून आंघोळीला
पावलाला दुधाची पिशवी, वर रबर.
मी ओरडले, रबर नको, आवळेल!
मग हातानंच धरून बसले, एका हातानं आंघोळ.
फुली नवव्या दिवशी गेलीच.

तीनला अजून जाग येते त्यांना.
अंधारात कॉटवर वाकलेले,
पावलावर दोन बोटं टेकलेली, मान तिरकी.
मी पडल्या पडल्या विचारते, येऊलालंय?
ते दुसरा हात वर करतात.
गप. ऐकू दे.