हाडाचा साक्षीदार

डुलुथला जानेवारीत सरोवरावरून जो वारा सुटतो
तो कोर्टाच्या पायऱ्यांवर माणसांची चाल बदलतो.
मी सवयीने बघत राहतो: कोण कुठल्या गुडघ्यावर भार टाकतंय,
कुणाचा खुबा झिजलाय.
एकतीस वर्षं हाडं जोडली. आता त्यांच्या वतीने बोलतो,
तासाला सहाशे डॉलर, प्रवासखर्च वेगळा.

उजवा हात वर केला. खरं तेच सांगेन.
हाच हात, ज्याने
असो. ते अजून कुणी विचारलेलं नाही.

पडद्यावर डेल्बर्ट स्कोग्लंडची नडगी.
छपरावरून पडला, हाडाचे दोन तुकडे,
आत सळई, चारही स्क्रू जागच्या जागी.
सुंदर काम आहे, मी म्हणालो,
आणि मला आणणाऱ्या व्होल्ड वकिलाने
असं पाहिलं, की हे वाक्य बिलात धरू नका.

ज्यूरीत सहा जण. एक बाई शाळेची बस चालवते,
एकाचं सरोवराकाठी माशांच्या आमिषाचं दुकान.
त्यांना सांगितलं: पोटरी म्हणजे घट्ट शिवलेली उशी.
आत सूज आली तर शिवण उसवत नाही,
कापूस गुदमरतो.
मांस सहा तास वाट बघतं, फार तर आठ.
नाडी लागत राहते, तीच फसवते.
पायाचा अंगठा नुसता वर उचलला तरी माणूस किंचाळतो
तेव्हा एक्स-रे बघत बसायचं नसतं,
सुरी मागायची असते.

मग नर्सच्या नोंदी वाचल्या.
दोन चाळीस: दुखणं दहापैकी नऊ. डॉ. टेसिएना कळवलं. मॉर्फिन वाढवलं.
चार दहा: दहापैकी दहा.
सहा वाजता: आता दुखत नाही म्हणतो.

बसवाल्या बाईचा चेहरा सैल झाला. सुटला बिचारा, असा.
तिच्याकडे बघूनच मला सांगावं लागलं
की तेव्हाच पाय गेला होता.

समोर मॉरीन टेसिए, करड्या स्वेटरमध्ये.
मांडीवर तिची बोटं नसलेल्या धाग्याला गाठी मारत होती.
त्या रात्री तिच्या टेबलावर दुसरा एक जण होता,
कंबरेचं हाड फुटलेला, रक्त थांबत नसलेला.
तो जगला.
जगलेल्याची केस होत नाही.

उलटतपासणी. "खात्री किती, डॉक्टर?"
निम्म्याहून थोडी जास्त. कायद्याला तेवढी पुरते.
एक्कावन्न टक्क्यांवर मी कधी
कुणाला भूल देऊ दिली नसती.

"आणि तुम्ही स्वतः? अशा पायापाशी
कधी उशिरा पोचलात?"

"हरकत!" व्होल्ड उभाच राहिला.
न्यायाधीश बाईंनी मान वर न करता सांगितलं,
मान्य. साक्षीदाराने उत्तर द्यायचं नाही.

द्यायचं नाही.
माझं तोंड उघडंच होतं.
पाणी प्यायलो, म्हणजे ते कशासाठी उघडलं होतं
त्याला कारण मिळालं.

बाहेर पार्किंगमध्ये स्कोग्लंड आला,
कृत्रिम पाय बर्फात टाकत, काठीशिवाय.
आभार मानेल म्हणून मी हातमोजा काढला.
तो म्हणाला, "जपून हो डॉक्टर,
तिथे पांढऱ्याखाली नुसती काच आहे."
आणि माझा कोपर धरून मला गाडीपर्यंत नेलं.

हीटर तापेपर्यंत मी काचेला सगळं सांगून टाकलं.
फार्गो, शहाण्णव सालचा नोव्हेंबर.
ओरिन नावाचा पोरगा, सतरा वर्षांचा, ट्रॅक्टरखाली.
नर्सने दोनदा फोन केला होता.
मी जेवत होतो. म्हटलं, प्लास्टर नवीन आहे, दुखणारच.

त्याच्या आईने नाताळला केक पाठवला,
वर अक्रोड, आत कार्ड: तुम्ही होतात म्हणून.
आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला, ड्यूटी रूममध्ये, उभ्या उभ्या.
मी दोन तुकडे घेतले.