चुकार जनावरांची वही

उन्हाळा लागला की येतात.
ओहायोच्या, टेक्ससच्या नंबरप्लेटी,
बुटांना कबरस्तानातली ओली माती,
काखेत फुगलेली फाइल
आणि तोंडात एक आडनाव,
ज्याचं स्पेलिंग फक्त त्यांनाच पक्कं ठाऊक.

मी हॉलिस टर्पिन. टॅल्विन काउंटी, केंटकी.
कोर्टाच्या तळघरात सव्वीस वर्षं.
जन्म पहिल्या रांगेत, पण १९११ पासून पुढचे.
लग्नं डावीकडे. जमिनी लोखंडी कपाटात.
त्याआधीचं विचारलं
की मी खिडकीतून पार्किंगकडे बोट दाखवतो.
जुनं कोर्ट तिथं होतं. १८८४च्या मार्चमध्ये
एका रात्रीत जळालं.
कुणी म्हणतं शेगडी उलटली,
कुणी म्हणतं बांधाचा दावा हरायला आलेल्या माणसानं काडी लावली.
माझे आजोबा त्याचं नावसुद्धा घ्यायचे.
त्याचे पणतू रविवारी चर्चमध्ये
आमच्याच पुढच्या बाकावर असतात,
म्हणून मी घेत नाही.

मंगळवारी लॉर्ना प्रुइट आली.
चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
पानं उलटतानाही मागं कुणी उभं नाही ना, बघून घ्यायची.
पणजोबांची आई शोधत होती: केझाया.
"नाव आहे. बाकी घरच्या बायबलचं पहिलं पान
फाटलंय तिथं राहिलं."

तीन दिवस बसली.
जनगणनेत नाही. मृत्युपत्रात नाही.
करांच्या यादीत पुरुष, आणि पुरुषांचे घोडे.
दुपारी डब्यातलं अंड्याचं सँडविच बाहेर गाडीत जाऊन खायची,
कागदांना वास लागू नये म्हणून.

चौथ्या दिवशी कुलूप लावायच्या वेळी
मला कीव आली, किंवा कंटाळा, नक्की सांगता येत नाही;
मी ती वही काढली जी कुणीच मागत नाही.
चुकार जनावरांची.
आगीच्या रात्री ती कोर्टात नव्हती,
न्यायाधिकाऱ्याच्या दुकानात पिठाच्या पोत्यांवर पडली होती.
अजून झटकली की पांढरं काहीतरी उडतं.

२ नोव्हेंबर १८७९.
एक खेचर, मादी, तपकिरी, वय अंदाजे सहा,
उंची चौदा मुठी, डावा कान चिरलेला,
उजव्या खांद्यावर पट्ट्याचा जुना वण,
नाल फक्त पुढच्या पायांना. किंमत पस्तीस डॉलर.
सापडलं लिक क्रीकच्या काठी,
विधवा केझाया प्रुइट हिच्या कुंपणात.
तिनं शपथेवर सांगितलं की
आयाळ कापलेली नाही, खूण बदललेली नाही.
खाली फुली.

लॉर्ना आधी हसली.
मग बोटांवर मोजायला लागली.
"कान, खांदा, नाल, रंग, वय.
आणि हिचं?
विधवा. झालं."

बराच वेळ ती फुलीवर बोट ठेवून होती.
एक रेघ लांब, एक आखूड,
जिथं टाक थांबला तिथं शाईचा थेंब.
"डावखुरी होती," म्हणाली. "मीपण आहे."

हजारो फुल्या पाहिल्यात मी.
फुलीवरून हात कळत नाही.
बोललो नाही.

समासात, दुसऱ्या शाईत, वर्षभरानंतरची ओळ:
मालक आला नाही. जनावर तिचं.
ती मी मोठ्यानं वाचून दाखवली,
कारण तोवर तिनं चष्मा काढून ठेवला होता.

झेरॉक्सचे पंचवीस सेंट.
तिनं डॉलर दिला, सुटे घेतले नाहीत,
जिन्यात अर्ध्यावर गेल्यावर वळली:
"तिनं त्याचं नाव काय ठेवलं असेल?"

असा रकाना नसतो, मी सांगितलं.
गाडी सुरू झाल्याचा आवाज आला,
आणि सव्वीस वर्षांची नोकरी असून
मी दिवा पुन्हा लावला,
वही उघडली,
पाहिलं.